नियम ज्याचा, डबा त्याचा



पंधरा दिवसांनी, डिसेंबरात, आमच्या घरची सतरा माणसं क्रूझवर जाणार आहेत. मुंबईहून गोवा आणि परत मुंबई, तीन रात्री. सासऱ्यांना, म्हणजे आमच्या अण्णांना, ७५ पूर्ण होताहेत, त्याचं निमित्त. आम्ही दोघं, दोन्ही दीर-जावा, पुण्याची नणंद आणि तिचे यजमान, चुलत सासरे-सासूबाई आणि पाच नातवंडं. एवढे सगळे मिळून आम्ही सांगलीबाहेर एकदाच पडलो होतो, २०१८ मध्ये श्रवणबेळगोळला महामस्तकाभिषेकाला. तिथे खाण्यापिण्याचा प्रश्न आलाच नव्हता. भोवती सगळे आपलेच लोक होते.

बोटीची तिकिटं झाली, केबिन ठरल्या, आणि त्याच रात्री घरच्या ग्रुपवर धाकट्या दिरांचा मेसेज आला, "बुकिंग आमच्याकडून डन. खाण्याचं लेडीज बघतील." त्याखाली पटापट पाच अंगठे आले. त्यातला एक माझ्या नवऱ्याचा होता.

खोटं कशाला सांगू, मला त्या रात्री काहीच खटकलं नाही. सवयच अशी आहे. सकाळी मी वही काढली आणि लिहायला बसले. खाकरे चार किलो. दशम्या पहिल्या दिवसापुरत्या. बिनलसणाचा भडंग. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, राजगिऱ्याचे लाडू. आईंसाठी (सासूबाईंना आम्ही आईच म्हणतो) वेगळा डबा, पाणी गाळायचं फडकं, छोटी किटली, मुगाची खिचडी घालायला स्टीलचा डबा. "किटली" लिहिलं आणि हात थांबला. मला काश्मीरची सहल आठवली.

त्या सहलीत मी रोज संध्याकाळी साडेचारला खोलीवर परत येत होते. कारण आईंना आणि अण्णांना दिवस मावळायच्या आत जेवायचं असायचं आणि हॉटेलचं स्वयंपाकघर सातशिवाय उघडायचं नाही. बाकीचे शिकाऱ्यात बसायचे, मी किटलीत उपमा शिजवायचे. घरी आल्यावर सगळे म्हणाले, "काय मस्त सहल झाली, खाण्याची जराही अडचण आली नाही." अडचण आली नाही, कारण ती माझ्याकडे होती. दल सरोवराचे माझे फोटो तुम्ही मागितलेत तर माझ्याकडे एकच आहे, आणि तो हॉटेलच्या खिडकीतून काढलेला आहे.

म्हणून आज हे लिहिते आहे. काहींना राग येईल. येऊ दे.

माझं म्हणणं एवढंच आहे की नियम हा ज्याचा त्याचा असतो. आपल्या धर्मात ही गोष्ट शाळेतल्या पोरालाही शिकवलेली असते. कर्म ज्यानं बांधलं त्यालाच भोगावं लागतं, निर्जराही त्याची त्यालाच करावी लागते. बायकोनं उपवास केला म्हणून नवऱ्याच्या खात्यात काही जमा होत नाही. देवाला साकडं घालून कुणाचं कर्म पुसून टाकायची सोय आपल्याकडे ठेवलेलीच नाही. आणि तरी घरात काय चालतं? नियम पुरुषाचा, घड्याळ बायकोचं. व्रत सासऱ्यांचं, डबा सुनेचा. "आमच्या घरात कुणी रात्री जेवत नाही" असं अभिमानानं सांगणाऱ्या किती पुरुषांनी स्वतःच्या हातानं साडेपाचला ताट वाढून घेतलंय? त्यांच्यापुढे ते येतं. एखादे दिवशी आलं नाही, तर नियम मोडल्याचा दोष त्यांना लागत नाही. "आज उशीर कसा केलास?" हे ऐकून घ्यायला आपण असतो.

घरात हे झाकून जातं. प्रवासात उघडं पडतं, आणि क्रूझसारख्या ठिकाणी तर फारच.

पहिलं उत्तर मला मिळालं ते असं, "अगं, जैन फूड मिळतं की बोटीवर!" मिळतं. आपले लोक भरपूर जातात, कंपन्यांना ते कळलंय, त्यामुळे कांदा, लसूण, बटाटा नसलेलं जेवण बरेच जण देतात. त्याबद्दल मला काही तक्रार नाही. पण "जैन फूड" ही पाटी ताटात काय नाही एवढंच सांगते. आमच्या घरातल्या नियमांपैकी तो एक झाला. ताट कधी समोर येतं, हे पाटी सांगत नाही. डिसेंबरात मुंबई-गोव्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. आई सूर्यास्ताच्या दोन घटका आधी, म्हणजे ४८ मिनिटं आधी, पाणीसुद्धा बंद करतात. याचा अर्थ त्यांचं जेवण पाचला आटोपलं पाहिजे. बोटीवरचं रात्रीचं जेवण सुरू होतं सातला. मधल्या वेळी चहासोबत जे काही ठेवतात, त्यात केक किती आणि अंड्याशिवायचं किती, हे विचारावं लागतं. कुणी विचारायचं? लेडीज बघतील.

पाण्याचंही तेच. बोटीवर समुद्राच्या पाण्यातलं मीठ काढून गोडं पाणी करतात. पिण्याला ते चांगलं असतं, पण आईंना उकळलेलं लागतं. मग किटली न्यावी म्हटलं, तर बहुतेक बोटींवर किटली, इस्त्री, शेगडी, पाणी तापवायची कांडी असं काहीच नेऊ देत नाहीत. आगीची भीती असते, आणि ते बरोबरच आहे. घरून शिजवून नेलेलं अन्नही सहसा चालत नाही. बंद पाकिटातला कोरडा खाऊ कुठे चालतो, कुठे नाही. म्हणजे माझ्या वहीतली निम्मी यादी बोटीच्या दारातच बाद होणार होती. हे कळायला एक फोन पुरे होता. तो फोन बुकिंग करताना कुणी केला नाही. बाल्कनीवाली केबिन आहे का, वायफाय किती, पोहायचा तलाव किती वाजेपर्यंत उघडा असतो, हे सगळं विचारून झालं होतं. आईच्या जेवणाची वेळ विचारायचं मात्र तिच्या तिन्ही मुलांपैकी एकालाही सुचलं नाही.

आणि मग तो केक. अण्णांचा वाढदिवस दुसऱ्या रात्री साडेआठला, सजवलेल्या मोठ्या हॉलमध्ये, सगळ्यांनी नटूनथटून साजरा करायचा असं ठरलं. म्हणजे ज्या बाईनं चाळीस वर्षं या माणसाला सूर्य बघून जेवू घातलं, ती त्याच्या पंचाहत्तरीच्या मेजवानीत मोकळं ताट पुढे घेऊन बसणार. मी हे बोलून दाखवलं तर उत्तर आलं, "आईंना सवय आहे गं. त्यांना काही वाटत नाही."

त्यांना काही वाटत नाही हे कुणी विचारलं होतं? मी विचारलं. आई तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "मी घरीच राहते. माझ्यामुळं तुमचं सगळ्यांचं अडायला नको." एवढं बोलून पुन्हा निवडायला लागल्या.

मैत्रिणींनो, खरा प्रश्न इथे आहे. घरात जिचा नियम सगळ्यांत पक्का, तीच घरात राहायला तयार होते आणि बाकीच्यांना ते सोयीचं वाटतं. आपण जिच्या पाया पडतो, तिला सोबत न्यायला आपल्याला जड जातं.

आता दुसऱ्या बाजूचंही ऐकलंच पाहिजे. आमच्या मंदिरातल्या एक मावशी म्हणाल्या, "एवढी कटकट, तर क्रूझवर जायचंच कशाला? शिखरजीला जा." सम्मेदशिखरजीला मी गेले आहे, पुन्हा जाईन. पण समुद्रावर जाणं म्हणजे धर्म बुडवणं, हे मला मान्य नाही. पायी विहार करणं हा मुनिमहाराजांचा आचार आहे, श्रावकाचा वेगळा आहे. आपला श्रीपाल राजा कथेत जहाजांवरून दूर देशी जातो. धवल सेठ त्याला समुद्रात ढकलतो तेव्हाही त्याची श्रद्धा ढळत नाही. आपल्या कथा व्यापाऱ्यांच्या जहाजांनी भरलेल्या आहेत. १८९३ मध्ये वीरचंद गांधी शिकागोच्या धर्मपरिषदेला बोटीनं गेले, तेव्हा समुद्र ओलांडला म्हणून समाजातल्या लोकांनी त्यांना विरोध केला होता. आचार्य आत्मारामजी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. आज आपण वीरचंदजींचं नाव अभिमानानं घेतो, विरोध करणाऱ्यांची नावं कुणाच्या लक्षातही नाहीत. तेव्हा बोटीला दोष देऊ नका.

ज्यांनी प्रतिमा घेतल्या आहेत, जे मर्यादेचं पीठ सोडून दुसरं खात नाहीत, त्यांना बोटीवर जमणार नाही. हिवाळ्यात सात दिवसांच्या आत दळलेलं पीठ बोटीवरच्या स्वयंपाकघरात कोण शोधणार? त्यांनी जाऊ नये, आणि कुणी त्यांना आग्रहही करू नये. आमच्या घरात तसं कुणी नाही. आईंचे नियम चारच आहेत. रात्री जेवण नाही, कंदमूळ नाही, गाळून उकळलेलं पाणी, आणि अष्टमी-चतुर्दशीला एकाशन. हे चारही नियम बोटीवर पाळता येतात. फक्त कुणीतरी आधी विचारलं पाहिजे.

तिसरा पक्ष तरुणांचा. "काकू, सुट्टीत थोडं चालतं." बाळांनो, चालत असेल तर चालू दे. तुम्हाला जबरदस्तीनं साडेपाचला जेवायला बसवणं म्हणजे नियम नव्हे. पण मग तसं स्वतःच्या तोंडानं सांगा. "मी रात्री जेवणार आहे" असं आजोबांच्या समोर म्हणा. आपण मात्र काय करतो? घरी आजोबांच्या समोर कडक जैन, बाहेर गेलं की "थोडं चालतं", आणि रात्री अकराला भूक लागली की "काकू, भडंग आणलाय का?" हे तिन्ही एकदम चालणार नाही.

मला बोटीच्या जाहिरातीतला एक शब्द फार टोचतो. अनलिमिटेड. अनलिमिटेड जेवण, अनलिमिटेड पेय, रात्रभर करमणूक. आपल्या बारा व्रतांमध्ये याच्या बरोबर उलटा शब्द आहे, परिमाण. भोगाच्या वस्तू समोर यायच्या आधीच किती घ्यायचं ते ठरवून टाकायचं. समोर आल्यावर ठरवू म्हणणाऱ्याचं काही खरं नाही, हे आपल्या आचार्यांना पुरतं ठाऊक होतं. दिग्व्रत म्हणजे कुठल्या दिशेला किती दूर जाणार, याची आयुष्यभराची मर्यादा. देशव्रत म्हणजे त्यातही ठरावीक काळासाठी आणखी आवळून घेतलेली मर्यादा. ही व्रतं श्रावकांसाठी आहेत, म्हणजे दुकान चालवणाऱ्या, प्रवास करणाऱ्या, पोरंबाळं असलेल्या माणसांसाठी. प्रवासाची जैन तयारी खरी इथून सुरू होते. आपण ती खाकऱ्यापासून सुरू करतो आणि खाकऱ्यापाशीच संपवतो.

मी माझ्यापुरतं देशव्रत ठरवलंय. बोटीला मजले पुष्कळ असतात. कॅसिनोचा मजला आणि बारचा कोपरा या तीन दिवसांत माझ्यासाठी नाहीत, "नुसतं बघायला" सुद्धा नाहीत. एका वेळी एकच ताट, आणि त्यात काही टाकायचं नाही. ताट धुऊन ते पाणी पिणारी माणसं आपल्यात अजून आहेत आणि आपण बुफेमध्ये अर्धी बशी सोडून उठतो, याची मला लाज वाटते. सकाळी केबिनच्या बाल्कनीत सामायिक. आणि जेवण सूर्यास्ताच्या आत. समुद्रावर तर सूर्य मावळताना डोळ्यांनी दिसतो. सांगलीत समोरच्या इमारतीमुळे मला तो दिसत नाही, मी दिनदर्शिकेत वेळ बघते.

हे सगळं माझं झालं. दुसऱ्याचं मी ठरवणार नाही, आणि दुसऱ्याचं मी वाहणारही नाही.

म्हणून गेल्या रविवारी सगळे जमले होते तेव्हा मी वहीचा एक कोरा कागद फाडून जेवणाच्या टेबलावर ठेवला. चार रकाने आखले. नाव, माझा नियम, माझं खाणं कोण आणणार, बोटीवर कोण विचारणार. सतरा ओळी. म्हटलं, ज्यानं त्यानं आपल्या हातानं भरायचं. रिकामी ओळ म्हणजे नियम नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही. पण रिकाम्या ओळीसाठी माझ्या बॅगेत डबा नाही.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. चुलत सासरे उठून ओसरीवर गेले. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, आता काय हजेरी घेणार का?" माझा नवरा माझ्याकडे बघत राहिला. त्यांना वाटलं मी चिडले आहे. चिडले होतेच. पण तेवढंच नव्हतं.

पहिली ओळ भरली ती मोठ्या जाऊबाईंच्या अकरावीतल्या मुलानं. त्यानं लिहिलं, "रात्री जेवणार. बटाटा, कांदा नाही. माझं मी विचारेन." जाऊबाई त्याला रागावल्या. मी म्हटलं, रागावू नका, या घरात आजवर नियमाबद्दल एवढं स्वच्छ कुणी बोललेलं नाही. त्यानं किती पाळायचं ते ठरवलं आणि ते स्वतःच्या अंगावर घेतलं. उद्या वाढवावंसं वाटलं तर तो स्वतःहून वाढवेल.

मग अण्णांनी कागद ओढला. चष्मा लावून पुष्कळ वेळ बघत बसले. आईंच्या ओळीत चौथ्या रकान्यात त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. म्हणाले, "हिचं बोटीवर मी विचारतो." आई मान खाली घालून बसल्या होत्या, त्यांनी वर बघितलं नाही. सोमवारी अण्णा अर्धा तास फोन कानाला लावून बसले. पलीकडून गाणं वाजत होतं. माणूस आला तेव्हा त्यांनी एकेक करून विचारलं. पाचला गरम जेवण मिळेल का? पाणी उकळून मिळेल का? बिनअंड्याचं काय काय असेल? आधी लेखी कळवलं तर आईंसाठी वेळेवर जेवणाची सोय करतो, असं पलीकडून उत्तर आलं. उकळलेलं पाणी जेवणघरात मागितलं की मिळतं. एवढंच होतं ते. पंचाहत्तराव्या वर्षी अण्णांना कळलं की फोन करायला अर्धा तास लागतो. आईंना ते चाळीस वर्षं ठाऊक होतं.

केकचं अजून मिटलेलं नाही. मी सुचवलंय की केक बिनअंड्याचा मागवा आणि दुपारी चारला डेकवर कापा. धाकट्या दिरांचं म्हणणं, दिव्यांच्या उजेडात फोटो चांगले येतात. असतील येत. पण त्या फोटोत आई काय करताना दिसतील, ते त्यांनी आधी सांगावं.

गोव्याला बोट लागेल त्या दिवसाचंही मी एक सुचवलंय. फोंड्याजवळ बांदिवड्याला जुन्या नेमिनाथ बसदीचे अवशेष आहेत. बंदरावरून टॅक्सीनं जाऊन येता येतं. ज्यांना किनाऱ्यावर जायचंय त्यांनी खुशाल जावं. मी, आई आणि येईल तो, आम्ही बांदिवड्याला जाणार. नेमिनाथ भगवान आपल्या लग्नाच्या वरातीतून परत फिरले, कारण मेजवानीसाठी कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश त्यांनी ऐकला. सगळी वरात वाजतगाजत चालली होती, आणि ही मेजवानी कुणाच्या जिवावर आहे, हे त्यांनी एकट्यानं विचारलं. आमच्या मेजवानीत जनावर नाही. पण ती कुणाच्या जिवावर उभी आहे, हा प्रश्न आपल्यालाही विचारता येतो.

कागदावर अजून सहा ओळी रिकाम्या आहेत. चार मोठ्यांच्या, दोन लहानांच्या. मी त्या भरणार नाही. माझ्या नवऱ्याची ओळ बुधवारी रात्री भरली गेली. "सूर्यास्ताच्या आत. खाकरे मी आणतो." कुठून आणणार, हे त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं नाही. सांगलीत खाकरे कुठे मिळतात हे त्यांना पन्नाशीत शोधता येईल, एवढा माझा त्यांच्यावर विश्वास आहे.

तुमच्या घरीही असा कागद ठेवून बघा. क्रूझच कशाला हवी? लग्नाला परगावी जाताना ठेवा, मुलांच्या सुट्टीत ठेवा. भांडण होईल. पण निदान घरात खरोखर कुणाचा काय नियम आहे, हे एकदा कळेल. मला पंचवीस वर्षांत कळलं नव्हतं.

आई येताहेत. त्यांच्या ओळीत तिसऱ्या रकान्यात, खाणं कोण आणणार, तिथे त्यांनी स्वतःचंच नाव लिहिलंय. मी म्हटलं, आई, तुमचं तरी मला आणू द्या. त्या म्हणाल्या, "नियम माझा आहे ना?"

जय जिनेंद्र.